हातचा

टालिनच्या इस्पितळाखाली, तळघरात,
जिथे फेब्रुवारीतही पंखे उन्हाळा ओकतात,
वाइकेने कागद पसरला.
चौकटी पेन्सिलीच्या. खोडता येतात, म्हणाली.
आकडे तेवढे शाईने.

काउपोने वर्षाचा हिशेब आणला होता:
नवे स्कॅनर चार, सर्व्हर बावीस,
छातीचे, गुडघ्यांचे, अजून न जन्मलेल्यांचे फोटो
दिवसाला इतके, वर्षाला इतके,
आणि दुहेरी रेघेखाली: शहाण्णव पोर्ट, शहाण्णव वायरी.
बरोब्बर बसतंय.
चेहऱ्यावर
बॅगेची चेन एकदाची लागल्याचं समाधान.

आणि स्विच स्विचशी बोलणार कशाने, तिने विचारलं,
खुणांनी?

तिने आठ पोर्ट दुव्यांसाठी काढले,
चार मरणाऱ्यांच्या नावाने,
बारा कशासाठी ते सांगितलंच नाही.
मग भाराच्या रकान्यात नव्वदवर काट मारून
लिहिलं: पंचेचाळीस.

मला लागून तीन आठवडे झाले होते.
म्हटलं, पुस्तकात तर नव्वद चालतं.
एका जाळ्यात दोनशे एकोणचाळीस स्विच
नांदू शकतात असंही लिहिलंय.
पुस्तक खोटं बोलत नाही, ती म्हणाली,
ते फक्त धडधाकट माणसाबद्दल बोलतं,
भर दुपारी.

जाळी दोन, अ आणि ब,
एकमेकींना कुठेच न शिवणारी.
प्रत्येक सर्व्हरचा एक पाय हिच्यात, एक तिच्यात.
एक मेली की दुसरीने
तिच्या वाटचंही उचलायचं, न कण्हता.
म्हणून भरलेली दिसते त्याच्या दुप्पट
ती भरलेली असते.

तिचा बाप, हेल्दुर, बर्फावरचा रस्ता राखायचा,
रोहुक्युलाहून हियुमा बेटाकडे, समुद्र गोठला की.
रोज पहाटे भोक पाडून पट्टी बुडवायचा
आणि फळ्यावर वजन लिहायचा, मोजलं त्याहून कमी.
दोन गाड्यांत अडीचशे मीटर. पट्टा सोडलेला.
दुधाच्या टँकरवाला एकदा भांडला,
परवा तर याच बर्फाने तीन टन पेललं!
हेल्दुर म्हणाला,
पेललं ते तू पाहिलंस.
उरलं किती, ते पाहिलंस?

मार्चमध्ये एका मंगळवारी पहाटे तीनला
वरच्या मजल्यावरचा नळ फुटला
आणि ब गेली.
पडद्यावर अचा आकडा चढत गेला,
एकेचाळीस, साठ, एकोणऐंशी,
त्र्याऐंशीवर थांबला.
मी खुर्चीच्या कडेवर. वाइके सफरचंद सोलत होती.
वर कुणालातरी एका कवटीचा फोटो
सेकंदभर उशिरा दिसला असेल.
कदाचित तेही नाही.

सकाळी काउपो आला, ओल्या फरशीवरून पाय उचलत.
म्हणजे काहीच झालं नाही तर!
मग ते रिकामे चोवीस, त्यांचं काय करायचं?

वाइके आता हियुमाला असते.
समुद्र हल्ली नीट गोठतच नाही, लिहिते,
फळा अंगणात पडलाय, कोंबड्या बसतात त्यावर.
तो कागद माझ्या खणात आहे.
पेन्सिलीच्या चौकटी पुसट झाल्यात, आकडे नाहीत.

आज काउपोचा नवा हिशेब आलाय,
दुहेरी रेघेसकट.
चोवीस काळी टोपणं
अजून पोर्टांवर तशीच, धूळ धरून.
मी शाईचं पेन शोधतोय.