दोन कुलुपं

बस्त्यांव परत आला तो बुधवार.
हातात कापडदुकानाची पिशवी, आत एकच शर्ट.
सात वर्षांपूर्वी खुरसाकडच्या पेटीतले
कौलांचे पैसे घेऊन तो गेला होता,
आणि त्या पावसाळ्यात आम्ही
कपेलाच्या मधोमध बादली ठेवून तेर्स म्हटला,
दर मण्यामागे एक थेंब.

मायने त्याला पेज वाढली.
सोबत सुकटीची किसमूर, खोबरं जरा जास्तच.
तो जेवेपर्यंत विचारलं काही नाही.
मग म्हणाली, "शनिवारी ये. पेटी उघडूची आसा."

उभादांड्यावर तेव्हा दोनच मतं होती.
एक : चोराला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.
दुसरं, जे मिस्सानंतर मोठ्या आवाजात बोललं जायचं :
माफ केलंय ना, मग पेटीच द्या त्याच्या ताब्यात.
मी रात्री भांडले. दोन्ही मतांच्या बाजूने,
आलटून पालटून.
माय भांडी विसळत राहिली.
"मी बांगडो घेताना कल्लो उघडून बघतंय.
म्हणान काय माका बांगडो आवडणा नाय?"

दुसऱ्या दिवशी ती वेंगुर्ल्याच्या बाजारातून
नवं कुलूप घेऊन आली.
रुझार मेस्ताकडून पेटीला दुसरी कडी मारून घेतली.
एक चावी तिच्या गळ्यात, सायबिणीच्या पदकाला लागून.
दुसरी त्याला.
एकटीने कुठलीच उघडायची नाही.
"तुझ्यावरसुद्धा पहारा?" मी विचारलं.
"मगे? मी काय सायबीण लागान गेलंय?"

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर फडकं अंथरून
दोघं मोजायला बसायची, मोठ्याने,
नाणं त्याच्या हातातून तिच्या हातात,
आकडा दोघांच्या तोंडात.
जाणारे-येणारे ऐकायचे. ऐकावं म्हणूनच ते.

मग ती श्रावणातली घटना.
इस्तेलीनने नवस फेडला होता,
पाचशेची नोट टाकली म्हणून गावभर सांगून झालं होतं.
पेटी उघडली. नोट नाही.
बस्त्यांवचे हात फडक्यावर तसेच राहिले,
उन्हात टाकलेल्या तारल्यांसारखे.
मी त्याच्याकडे बघितलं.
खरं सांगते, माझ्या डोळ्यांनी निकाल कधीच दिला होता.

माय म्हणाली नाही, तू घेतलीस.
म्हणाली नाही, तू घेणारच नाहीस.
म्हणाली, "रव."
परत मोजलं. परत.
तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिने
अंबाड्यातला आकडा काढला,
पेटी उलटी करून फटीत खुपसला.
दमट हवेने लाकूड फुगलं होतं,
आणि त्या फुगलेल्या ओठांत
चार घड्यांची नोट अडकली होती,
ओली, कडेला मुंग्यांची अंडी.

तो रडला वगैरे नाही.
पहिल्यापासून मोजायला लागला.
अकरावर त्याचा आवाज फाटला, तेव्हा
बारा मायने एकटीने म्हटलं.
नंतर, आकडा पुन्हा अंबाड्यात खोचताना, म्हणाली,
"तुझ्यासाठीच मोजतंय रे.
उद्या कोण काय बोललो,
तर माझ्या हातात आकडो व्हयो."

रविवारी प्रेमाचा तो धडा वाचला जातो तेव्हा
लग्नाळू पोरं एकमेकांकडे बघतात.
मला ती फट आठवते,
आणि ते "रव",
ज्यात तो दोषी नव्हता, निर्दोषही नव्हता,
फक्त कोणीतरी त्याच्या शेजारून उठलं नव्हतं.

माय जाऊन दोन वर्षं झाली.
चावी आता माझ्या गळ्यात.
पहाटे गार लागते.

आज शनिवार. ओहोटी.
खडकावरचं दीपगृह नुकतं लागलंय.
फाटकाशी खोकला, तो त्याचाच.
त्याच्याबद्दल मला अजून पुरती खात्री नाही.
माझ्याबद्दल त्यालाही नसावी.
मी दोन कप ठेवते, फडकं झटकते.
त्याचं कुलूप. माझं कुलूप.

"एक," तो म्हणतो.
"एक," मी म्हणते.