पाच मिनिटं, मग दात

चर्चच्या तळघरातली बालवाडी.
मी खुर्च्या बाजूला सारते, जमिनीवर बसते,
घड्याळ मांडीवर.
वर, हॅमट्रॅम्कच्या रस्त्यावर
मीठ टाकलेला बर्फ काळा पडत चाललाय.

समोर दोघं :
सुमय्या, पावणेचार वर्षांची,
आणि काझिक, चारावर दोन महिने.
हातात एकेक बाटली.
लेबल झुरळांच्या औषधाचं, आत नुसतं पाणी.

"हे उघडून दाखवाल?" एवढंच म्हणायचं.
शाबास म्हणायचं नाही. नको म्हणायचं नाही.
भुवई उचलायची नाही.
नियमांत भुवईचा उल्लेख नाही,
ती माझ्या पदरची भर.

टक्. टक् टक् टक्.
वरचं टोपण फिरतं, फिरतच राहतं,
आतलं जागचं हलत नाही.
काझिक बाटली कानाला लावतो,
जणू आत कुणी उत्तर देतंय.
सुमय्या ती स्वेटरच्या घोळात गुंडाळते,
पिळते, सोडते, पुन्हा पिळते.

पाच मिनिटं म्हणजे किती,
ते मला इथे बसून कळलं.
तेवढ्यात फोन येऊन जातो,
पोस्टमनला सही देऊन होते,
दूध उतू जातं, पुसलंही जातं
आणि सिंकखालचं दार
कुणाच्या लक्षात येत नाही.

मग एकदाच दाखवायचं, न बोलता.
तळवा ठेवायचा. दाबायचं. वळवायचं.
पुन्हा बंद, पुन्हा त्यांच्या हाती.
आणि ठरलेलं वाक्य :
"हवं तर दात वापरा."

काझिक वापरतो. टोपणावर चार खुणा,
उंदराने साबण चाखावा तशा.
सुमय्या दात लावत नाही.
ती माझ्या हाताकडे बघत राहते,
मग स्वतःच्या.
बाटली जमिनीवर उभी करते,
गुडघ्यांवर उठते
आणि अख्खं अंग तळव्यात ओतते.

आठव्या मिनिटाला टोपण तिच्या मुठीत.
मी लिहिते : उघडलं. दोन्ही हात.
मला टाळी वाजवावीशी वाटते
आणि पोटात गोळा येतो,
दोन्ही एकदमच.

शंभरातल्या वीस मुलांनी उघडलं
तरी टोपण पास होतं.
म्हणून लेबलवर 'बालरोधक' छापतात,
निर्धोक कुणी छापत नाही.

गुरुवारी मोठी माणसं येतात,
पन्नास ते सत्तरमधली.
मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षं
नट आवळलेले ब्रझेझिकी
अंगठा धरून बाटलीकडे बघतात :
"हे पोरांविरुद्ध आहे की माझ्याविरुद्ध?"
मी भुवई उचलत नाही.
त्यांच्या पुढ्यातला रकाना कोराच राहतो.

माझी आई अठ्ठ्याहत्तरची.
तिचं वय कुठल्याच तक्त्यात बसत नाही,
आणि बोटं तर आता कशातच.
रविवारी तिच्याकडे सूप गरम करताना
सिंकखाली हात घातला :
मुंग्यांच्या औषधाची बाटली,
टोपण नुसतं वर ठेवलेलं,
पाहुण्याच्या टोपीसारखं.

मी ते बसवलं. दाबलं, वळवलं,
टक् ऐकू येईपर्यंत.
"आता मी कसं उघडू?" आई म्हणाली.
"आणि आत्तापर्यंत कसं उघडत होतीस?"
"शेजारची इब्तिसाम आहे ना.
सहा वर्षांची, पण हाताची चलाख.
हाक मारली की येते, चुटकीसरशी उघडते.
मी तिला बिस्किट देते."

चाचणी संपली की
मुलांना एक वाक्य सांगायचं असतं,
नियमातच आहे ते :
अशा वस्तू एकट्याने कधी उघडायच्या नाहीत.
हजार वेळा म्हटलं असेल मी.
तेच तोंडातून निघालं, त्याच सुरात,
स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, आईकडे वर बघत.

आई सूप ढवळत होती.
"म्हणून तर," ती म्हणाली,
"मी एकटीने उघडत नाही."