प्रगतिपुस्तक

आई गेली त्याच्या पुढच्या मार्चमध्ये
आम्ही दोघी क्लाइपेदातलं तिचं घर रिकामं करत होतो.
खाडीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता,
जिन्यात कुणाकडच्या तरी धुरावलेल्या माशांचा वास.

शिवणयंत्राखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत बटणं, एक दुधाचा दात,
आणि आमची सहावीची प्रगतिपुस्तकं.

याद्विगा म्हणाली, उघडतेस कशाला, माझे मार्क मला पाठ आहेत.
गणित पाच. पाचापैकी पाच.
हे मी चाळीस वर्षं ऐकत आलेय,
लग्नांत, बारशांत, दातांच्या डॉक्टरकडच्या रांगेत.

माझेही मला पाठ होते.
गणित दोन.
कोन्स्तान्त्सिया बाईंनी ते वर्गासमोर वाचले
तेव्हा खिडकीखालचा रेडिएटर टिकटिकत होता
आणि ज्योमांतास बाकावर डोकं टेकून हसला होता.
इतकं बारीक आठवतं,
म्हणजे झालेलंच असणार.

उघडली.
तिचं गणित तीन.
माझं चार.

याद्विगाने चष्मा पुसला, पान उजेडाकडे धरलं.
शाई उडालीय, म्हणाली,
पाचाची टोपी गेली, पोट तेवढं राहिलं.
खोटं नव्हती बोलत. खोटं बोलताना ती कानाची पाळी चोळते,
आणि तिचे दोन्ही हात पानावर होते.

मला हसू आलं नाही.
मी तोवर मनातल्या मनात बाईंची समजूत घालत होते:
बाई, तुमची ओळ चुकली,
वरच्या मुलीचे मार्क माझ्या पदरात पडले,
परत घ्या.

त्या पाचाच्या जोरावर ती पूल बांधायला शिकली.
तिच्या पुलांवरून रोज ट्रक जातात, एकही पडलेला नाही.
त्या दोनाच्या धाकाने मी
औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसून
सुटे पैसे तीन-तीनदा मोजते.
सत्तावीस वर्षांत एका सेंटचाही फरक आला नाही म्हणे.
हे मला आठवत नाही,
याद्विगा सांगते.

संध्याकाळी बटणं तिने घेतली, डबा मी.
दात कुणाचा, ते राहिलं होतं.
माझाच, ती म्हणाली, बघ किती सरळ आहे.
मी म्हटलं, असेल.
किडका असता
तर मीही लगेच ओळखला असता.