सहा वार

वारात मोजत आलो सगळं,
आता अंशात मोजतात.
पहिल्या दिवशी पासष्ट.
कृपाबेन राठवानं दंडाला कोनमापक लावला,
शाळेच्या कंपासपेटीतल्याचा थोरला भाऊ,
आणि वहीत आकडा लिहिला
चेहऱ्यावर काही न दाखवता.

बडोद्याच्या मंगळ बाजारात एकतीस वर्षं
मी साड्या फेकल्या.
म्हणजे उलगडल्या, पण आम्ही फेकणंच म्हणतो:
मनगटाला झटका, की सहा वार रेशीम
गादीवरून थेट गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी.
दिवाळीत दिवसाला चारशे.
घडी घालायला पोऱ्या होता.
खांदा एकेक मोजत होता,
मला पत्ता नाही.

'आत सूज आहे. सांध्याची पिशवी आकसलीय.'
पिशवी! दुकानाचं नाव छापलेल्या
रोज शंभर वाटतो आम्ही.

सकाळी कुमुद बुशशर्ट चढवते.
आधी दुखरा हात, मग बरा.
काढताना उलटं.
तुला कुणी शिकवलं, तर म्हणते,
तान्ह्याचं झबलं काय वेगळं असतं?
भांग मी डाव्या हातानं पाडतो.
तो कुणा दुसऱ्याचा दिसतो.

आधी शेक. मग वाकून हात नुसता सोडायचा,
झुलू द्यायचा, आपला नसल्यासारखा.
मग भिंत.
दोन बोटं मुंगीसारखी वर चालवायची,
अडतील तिथं खूण.
घरी मी शिंप्याच्या निळ्या खडूनं करतो.
कुमुद म्हणते, भिंतीचं पोलकं बेततोय की काय.

'दुखे छे के खेंचाय छे?'
कृपाबेन दरवेळी विचारते.
दुखलं तर थांबा, ताणलं तर चालू द्या.
एकसष्ट वर्षांत हा फरक
मला कुणी विचारला नव्हता.
दिवसा जमतो.
रात्री, बगलेत उशी धरून,
ताणा कुठला, बाणा कुठला,
काही उकलत नाही.

तीन आठवडे निळ्या रेघा एकमेकींना चिकटून.
मग एकदम चार बोटं वर.
मग एक खाली.
तीही पुसायची नाही, ती म्हणाली.

लग्नसराईत ती दुकानात आली,
आईसाठी साडी हवी.
मी फेकली.
चार वार गेली,
दोन वार माझ्याच पायाशी राहिली.
शेठनी नजर हिशेबात घातली.
कृपाबेन साडी बघतच नव्हती.
'खांदा कानाला लागतोय, काका.
फसवताय.'

मग तिनं सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं,
जिथं पोहोचायला एकशे तीस तरी लागतात.
'ती जांभळी.'
पोऱ्या स्टूल घेऊन धावला.

'तू बस,' ती म्हणाली.
'मला घाई नाही.'