जागल

पाळकबाबा म्हणतात, गुडघे टेकून मागावं.
माझे गुडघे एकदा टेकले की उठत नाहीत,
म्हणून मी मचाणावर पाय लोंबते सोडून बसते
आणि तशीच बोलते तुझ्याशी,
घोंगडी डोक्यावरून, पिपा मांडीशी,
बॅटरीचे सेल अर्धे मेलेले.

पौषातला हरभरा. घाट्यात दाणा भरतोय.
रात्री पानांवर आंब सुटते,
चालावं तर पोटऱ्या चरचरतात.
गाविलगडच्या अंगानं डुकरं येतात, नाल्याकडून रोही.
शांतवन होते तोवर जागल त्यांची,
प्रार्थना माझी.
आता दोन्ही माझ्याकडे
आणि दोन्हींत मला झोप येते.

सुरुवात मी चांगली करते.
परतवाड्याच्या दवाखान्यातली मनोरमा,
मंडळीचं गळकं छप्पर,
नागपूरला रात्रपाळीवरचा माझा शमुवेल,
एकेकाला नावानं तुझ्यापुढे आणते,
गुरं मोजून गोठ्यात घ्यावीत तशी.
मग येतो सुखदेव काळमेघ.
धुऱ्यापलीकडचा.
तीन तासं खाल्ली त्यानं माझ्या वावरातली,
दर नांगरटीला वीतभर, हळूच,
आणि शांतवनच्या मातीला आला
तो हात खिशात घालून.
त्याचं नाव ओठांवर आलं की
जीभ जड होते, मान पडते.
आई म्हणायची, सैतान काही मोठा नसतो बाई,
उशीएवढा असतो.

काल असंच.
'सुख' एवढंच आलं तोंडातून
आणि मी गेले.

जाग आली तेव्हा शेकोटीची राख गार,
चांदण्या पार सरकलेल्या.
पिप्यावर काठी मारली, उशिरा, लाजेनं.
गावात कुणाचा तरी कोंबडा आरवला
आणि मला वाटलं, माझ्यावरच आरवला.

खाली उतरले.
कोपऱ्यावर माती उकरलेली, दहा-बारा झाडं, बस.
आणि माझ्या बाजूला, काळ्या ओलीत,
मोठ्या चपलांचे ठसे
नाल्यापर्यंत गेलेले, परत आलेले,
परत गेलेले.
बिडीची तीन थोटकं.

तो पलीकडे तोंड धूत होता. माझ्याकडे पाहिलं नाही.
"तुयी बॅटरी बंद दिसली वो,
म्हनलं बाई लवंडली. हाकलले म्या."
पोटऱ्या लाल झाल्या होत्या त्याच्या, आंबेनं.

मी काय म्हणणार. 'बरं' म्हटलं.
तीन तासं अजून त्याच्याकडेच आहेत.
राग गेला म्हणू तर खोटं होईल
आणि तुझ्याशी खोटं मी फक्त दिवसा बोलते.

पण त्या बागेतल्या रात्री
तुझी माणसं झोपली, तू एकटा घामाघूम,
ते ऐकताना मला नेहमी वाटायचं
तू फार रागावला असशील.
आज दिवसभर खुरपताना वाटत राहिलं,
तू त्यांच्याही वाटची जागल केलीस,
झोपलेल्यांच्या वावरातून फिरलास
अनवाणी, आंब लागू देत.

आज नवे सेल घातलेत.
चहाची किटली फडक्यात गुंडाळलीय, पेला एकच.
दुसरा आणायचा का, ते घरी ठरलं नाही.
आज नावं उलटीकडून घेते,
म्हणजे मध्येच डोळा लागला
तर पोरगा आणि मनोरमा तुझ्याकडे आहेतच.

देवा, सुखदेव.

पुढचं सुचत नाही.
नाल्याकडे काहीतरी हललं.
थांब जरा.