रकाना चौथा

पोलीस आयुक्तालयाच्या मागच्या अंगाला
परदेशी नागरिकांच्या नोंदणीची आमची खोली.
भिंतीवर जगाचा नकाशा,
खालचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.

मबिओर पहिल्यांदा आला तो वाकून,
चौकट त्याच्या मापानं बसवलेलीच नव्हती.
पत्ता कोंढव्याचा. बी.कॉम., वर्ष पहिलं.
गाव बोर म्हणाला, मला वाटलं फळ.
रकाना चौथा, देश : सुदान.

नावाचा अर्थ विचारला मी,
फॉर्मात नव्हता तो प्रश्न.
म्हणाला, पांढरा बैल,
आणि आपल्या काळ्याभोर मनगटाकडं बघून स्वतःच हसला.
मी आटपाडीची. म्हटलं, म्हणजे ढवळ्या.
त्यानं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला.
त्यांच्यात बैलाच्या रंगावरून पोराचं नाव ठेवतात,
आमच्यात बैलाचंच.

मुदतवाढीला यायचा, तेव्हा तुकड्यातुकड्यानं सांगायचा.
नाईल आमच्याकडं येते आणि हरवते.
सद्द म्हणतात त्या दलदलीला, सद्द म्हणजे अडसर.
पावसात ती मराठवाड्याएवढी पसरते,
निम्मं पाणी तिथूनच उडून जातं.
उरलेलं खार्तूमला निळ्या नदीशेजारी वाहतं,
वाटणी झालेल्या भावांसारखं,
एकाच पात्रात, न बोलता.

एकदा संगम पुलावर भेटला, सुटीच्या दिवशी.
खाली हिरवीगार जलपर्णी.
ही इथंपण आली? म्हणाला,
जणू गावाकडची कुणी उधारी बुडवून पळालेली बाई.
मग विचारलं, यातली मुळा कुठली, मुठा कुठली?
मला सांगता येईना.
चाळीस वर्षं पुण्यात.

थोरला भाऊ नऊ वर्षांचा असताना
चालत इथिओपियाला गेला, चालतच परत निघाला.
गिलो नदीपाशी मागं गोळ्या, पुढं पूर, पुरात मगरी.
हा तेव्हा पाठुंगळीला होता आईच्या, दुसरीकडं कुठं.
भाऊ पोहून निघाला.
अजून बादलीत तांब्या बुडवायच्या आधी
आत वाकून बघतो.

तेल आमच्या पायाखाली, म्हणायचा,
नळ त्यांच्याकडं, बंदर त्यांच्याकडं.
एवढंच. मग पावती मागायचा.

दोन हजार अकराच्या जुलैत पाव किलो पेढे घेऊन आला,
इथं असंच करतात, घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या.
मतपत्रिकेवर दोन चित्रं होती :
जुळलेले दोन हात म्हणजे एकत्र,
एकटा उघडा पंजा म्हणजे वेगळे.
आईनं पंजावर अंगठा उठवला.
पंजाचं आमच्याकडं निराळंच असतं, म्हणणार होते,
राहू दिलं.
संगणकाच्या यादीत त्याचा देश अजून आला नव्हता.
मी सुदान खोडलं नाही,
अलीकडं तेवढं लिहिलं लाल शाईनं, दक्षिण,
आणि खाली बारीक सही.
घरी सांगितलं, आज एक देश नोंदवला.
सासूबाई म्हणाल्या, कुकर लाव.

गटलुआक त्याचा खोलीतला जोडीदार.
न्युएर, हा दिंका. मला फरक कळायचा नाही,
कपाळावरच्या रेघा सोडल्या तर.
दोघं एकाच रिक्षानं यायचे, भाड्यावरून भांडायचे.
तेराच्या डिसेंबरात जुबात गोळ्या सुटल्या,
बोरला फोन लागेना.
मबिओर सोमवारी आला. गटलुआक गुरुवारी.
पत्ता दोघांचा अजून तोच, खोली क्रमांक तोच.
मी शिक्का मारला.
जानेवारीत गटलुआकनं पत्ता बदलून घेतला, विमाननगर.
रकाना चौथा तेवढा दोघांचा सारखा.

जायच्या आधी मबिओरनं शेवटचा फॉर्म भरला.
भारत सोडण्याचं कारण :
पेन्सिलीनं लिहिलं होतं, गुरं.
म्हटलं, असं चालत नाही बाबा,
शिक्षण पूर्ण, असं लिही.
त्यानं शेजारी पेनानं लिहिलं, निमूट.
वाकून बाहेर गेला.

खोडरबर माझ्या खणात होतं.
फाईल तशीच वर पाठवली.