यजमानीण

परळला, शवविच्छेदनाच्या ओट्यावर
तिला उताणी करायला आम्ही पाच जण लागलो.
पवईच्या तळ्यातून आली वनखात्याच्या टेम्पोतून,
खाली ओलं गोणपाट,
वर कुठल्याशा पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स.
पाठ डांबरासारखी, पण पोट
पिवळसर, नितळ,
जन्मभर चिखलाला टेकलेलं,
कुणाला न दाखवलेलं.
क्षणभर मला संकोच वाटला.

लिहून घेतलं: मगर. मादी. नऊ फूट दोन इंच.
डाव्या मागच्या पायाचं एक बोट जुनंच तुटलेलं.

गुणाजी मेस्त्रींनी जठर उघडलं.
आधी दगड. सात.
त्यातले दोन इतके गुळगुळीत
की देव्हाऱ्यात कुणी हटकलं नसतं.
मग चिलापीचे खवले, करवंटीचा तुकडा,
कुत्र्याच्या पट्ट्याचा घुंगरू.
अजून वाजत होता.

मग ते.
शेवया म्हणायचं नाही, असा आमच्या विभागाचा दंडक.
तरी दर वर्षी पहिल्या बॅचमधलं कुणीतरी म्हणतंच,
आणि पुढच्या सणाला खिरीची वाटी परत पाठवतं.
तोंडं जठराच्या भिंतीत रुतलेली, शेपट्या मोकळ्या,
भोवती बारीक व्रण.
"बाई, आख्खी चाळ वसली हा हय,"
गुणाजी म्हणाले,
"आनि भाडां कोण भरी?"

ती भरत होती.
तीस वर्षं असेल, पस्तीस असेल.
अंडं पाण्यात पडतं,
पाण्यातलं काहीतरी बारीक ते गिळतं,
त्याला मासा गिळतो,
आणि माशाच्या आत ते थांबून राहतं, नुसतं,
जबडा येईपर्यंत.
न आला तर न आला.
गेल्या महिन्यात आरेतला बिबट्या तपासला,
त्याच्या आतड्यात कुत्र्यांचे जंत.
जो ज्याला खातो
तो त्याचे पाहुणेही खातो.

पोरं विचारत होती, मॅडम, ह्यांनीच मारलं ना?
दोनशे बारा मोजले होते त्यांनी, घाम गाळून.
आता त्यांना गुन्हेगार हवा होता.
मी फुप्फुसं दाखवली. पाणी.
जबड्याच्या सांध्यात निळा नायलॉन,
मच्छीमारी बंद असलेल्या तळ्यात कुणीतरी रात्री लावलेल्या जाळ्याचा.
वर येता आलं नाही तिला, एवढंच.
ज्यांना ती पोटात घालून होती
त्यांच्याकडून तिला काही मोठा त्रास नव्हता.

फॉर्मवर रकाना आहे: यजमान.
आमच्या शास्त्रात ज्याच्या अंगात परजीवी राहतो तो यजमान.
आमच्या आजीच्या गावात पूजेला बसतो तो.
आणि आजी स्वतः नवऱ्याला म्हणायची,
नाव न घेता.
स्त्रीलिंगी रकाना नाही.
मी 'यजमान'पुढे बारीक अक्षरात
'ईण' जोडलं आणि सही केली.

गरम अल्कोहोलात सोडले की जंत सरळ होतात.
आयुष्यभराचं वेटोळं एका झटक्यात सुटतं.
गुणाजींनी बाटलीला चिठ्ठी लावली,
म्हणाले, "यजमान गेलो. आता पावण्यांनी खंय जावचां?"
आणि सुरी धुवायला गेले.

घरी निहार रात्री दात खातो.
सासूबाई वावडिंगाचं पाणी उकळतात,
शाळेतून पांढरी गोळी मिळते, चघळायची,
बाई समोर उभ्या राहून 'आ कर' म्हणतात.
आज त्यानं जेवताना सगळं ऐकून घेतलं,
शर्ट वर करून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं,
बोटानं दाबलं.

"आई, त्यांना माहीत होतं का,
बाहेर तळं आहे?"

मी त्याला भात वाढला.
तो अजून विचारतच होता.